जरबेऱ्याचे वाफे निर्जंतुक करायचे: ऊन, डॅझोमेट की फॉर्मेलिन?

जरबेरा हे फुलझाड एकदा लावलं की दोन-तीन वर्षं त्याच वाफ्यात राहतं. मूळकूज किंवा सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म कृमी) नंतर दिसले तर माती बदलता येत नाही. त्यामुळे आधी पाहायचं ते हातात दिवस किती आहेत.

एप्रिल-मेमध्ये पॉलिहाऊस मोकळं असेल तर सूर्यतापनच करा. वाफे भुसभुशीत करून भरपूर भिजवा, 25 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद मातीला चिकटून अंथरा, कडा गाडा आणि 4 ते 6 आठवडे हात लावू नका. काळा कागद नको. तो ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. उणीव एवढीच की खोलवरचे सूत्रकृमी वाचतात.

दोन पिकांत तीन-चार आठवडेच असतील तर डॅझोमेट. ओल्या मातीत त्याच्या दाण्यांतून विषारी वायू सुटतो. तो बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी मारतो. साधारण मात्रा चौरस मीटरला 30 ते 40 ग्रॅम, पण लेबलवरची मात्रा आणि पीक हेच अंतिम. आधी 5 ते 7 दिवस माती वाफशावर (ओलसर, पण चिखल न होता) ठेवा, मग दाणे 15-20 सेंमीपर्यंत एकसारखे मिसळून लगेच कागद झाका. खरा घोटाळा इथेच होतो: माती कोरडी राहिली तर दाणे तसेच पडून राहतात आणि रोपांना पाणी दिल्यावर वायू सोडतात. उष्ण दिवसांत आठवड्याने कागद काढा, थंडीत जास्त थांबा. मग माती हलवा, पण उपचाराच्या खोलीपेक्षा खाली जाऊ नका, नाहीतर खालची रोगट माती वर येते.

लागवडीआधी अळिवाची चाचणी कराच. एका बरणीत उपचार केलेली ओलसर माती, दुसरीत न केलेली. दोन्हींत अळीव पेरून झाकण घट्ट लावा. दोन-तीन दिवसांत पहिलीतली उगवण मागे पडली तर वायू अजून आहे, माती पुन्हा हलवा.

फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण) स्वस्त पडतं, तरी आमच्या मते शेवटचा पर्याय. 100 चौरस मीटरला 7.5 ते 10 लिटर, दहापट पाण्यात. आठवडाभर झाकून नंतर चौरस मीटरला सुमारे 100 लिटर पाण्याने धुवायचं. इतकं पाणी आणि निचरा किती जणांकडे असतो? सूत्रकृमींवर भरवसा नाही, आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. फॉर्मेलिन असो वा डॅझोमेट, वायूसाठीचा कार्ट्रिज मास्क, बंद गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच; बाजूचे पडदेही उघडे ठेवा.

ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) वायू पूर्ण गेल्यावरच द्या. सुरुवातीला नत्र नायट्रेट रूपात द्या: अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही मेलेले असतात, आणि साठलेला अमोनिया कोवळी मुळं जाळतो.