हालाँग कार्निव्हलचं ‘व्हीआयपी सीट’: पैसे कुठे आणि कसे जातात

हालाँगचा कार्निव्हल रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायला तिकीट लागत नाही. सोहळा क्वांग निन्ह प्रांताचं प्रशासन भरवतं. मंचासमोरच्या खुर्च्या मुख्यतः निमंत्रितांसाठी असतात आणि बाकी किनारा लोकांचा असतो. एवढं माहीत नसल्यामुळे ‘कार्निव्हल स्पेशल, व्हीआयपी सीटसह’ अशा पॅकेजला माणसं फसतात. व्हिएतनाममधल्या टॅक्सीवाल्यांच्या आणि फेरीवाल्यांच्या लबाड्या आहेतच, त्यांच्याकडे पुढे येऊ. पण तिथे गेले तर हजार-दोन हजार रुपये जातात. लाखाची रक्कम जाते ती घरच्या सोफ्यावर बसून, विमानात पाय ठेवण्याआधी.

आधी सोहळ्याची माहिती, कारण फसवणूक याच माहितीच्या फटींतून शिरते. हालाँग हे उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचं शहर, हनोईपासून दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे. त्याच्या उपसागरातल्या चुनखडीच्या डोंगरांना युनेस्कोने १९९४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. कार्निव्हल २००७ पासून भरतो आहे. चित्ररथ, नर्तकांची पथकं, शेवटी आतषबाजी, सगळं संध्याकाळी. वेळ निवडली आहे ती ३० एप्रिल आणि १ मेच्या जोडसुट्टीची. १९७५ मध्ये ३० एप्रिलला युद्ध संपलं, तो त्यांचा पुनर्एकीकरण दिन. १ मे कामगार दिन. आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि शाळांच्या परीक्षा संपलेल्या. शिवाय मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. म्हणून हे पॅकेज पुण्या-ठाण्यात चटकन खपतं.

मात्र नेमकी तारीख आणि जागा दरवर्षी बदलते. कधी शहराच्या बाय चाय भागाचा किनारा, कधी पुलापलीकडे होंग गायची बाजू. महामारीच्या काळात तर सोहळा झालाच नव्हता. तेव्हा जानेवारीत ‘१ मे, संध्याकाळी ८, रांग तिसरी’ असं छापून देणाऱ्याकडे असं काही असूच शकत नाही.

आता जाळं कसं विणतात ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पत्रक येतं. दर बाजारापेक्षा थोडाच कमी असतो. फार स्वस्त ठेवलं तर माणूस सावध होतो. यादीत विमान, ‘चार तारांकित किंवा तत्सम’ हॉटेल, क्रूझ, आणि ठळक अक्षरांत व्हीआयपी सीट. चौकशी केली की फोनवर गोड आवाज येतो, “ताई, सहाच सीट उरल्यात, आत्ता टोकन टाकलं तर धरून ठेवतो.” टोकन यूपीआयने, आणि तेही एखाद्या व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात. मग व्हिसाचे पैसे. मग सुट्टीमुळे हॉटेलचे दर वाढले म्हणून फरक. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचा भरत जातो.

शेवट दोन प्रकारे होतो. एक, नंबर बंद. दुसरा प्रकार जास्त चिवट आहे: तुम्हाला खरोखर नेतात. पण हॉटेल बाय चायपासून वीस किलोमीटरवर, क्रूझ म्हणजे गर्दीची साधी बोट, आणि व्हीआयपी सीट म्हणजे फुटपाथवरचं प्लॅस्टिकचं स्टूल. तक्रार करायला गेलात तर ‘तत्सम’ हा शब्द दाखवतात.

अंतराच्या या खेळाला हालाँगची रचनाच मदत करते. २०२० मध्ये शेजारचा होआन्ह बो जिल्हा जोडल्यावर शहराचं क्षेत्रफळ अकराशे चौरस किलोमीटरांवर गेलं, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीहून जास्त, आणि त्यात डोंगर-जंगल भरपूर. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने जिल्ह्याची पातळीच काढून टाकली आणि या शहराचे वेगवेगळे वॉर्ड झाले. म्हणून पत्त्यात नुसतं ‘हालाँग’ असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. वॉर्ड विचारा. बाय चाय असेल तर किनारा आणि हॉटेलांची मुख्य रांग जवळ. होंग गाय असेल तर पुलापलीकडचं जुनं शहर. तुआन चाउ हे भराव रस्त्याने जोडलेलं बेट आहे, तिथून क्रूझ सुटतात, पण कार्निव्हलच्या रात्री रस्ते बंद असताना तिथे परतणं कठीण.

पैसे देण्याआधी चार तपासण्या करता येतात, आणि अर्ध्या तासात होतात.

पहिली जीएसटी क्रमांकाची. तो १५ अक्षरांचा असतो. सुरुवातीचे दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदलेलं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. ते नाव, पावतीवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव तिन्ही जुळायला हवीत. एकाही ठिकाणी भलत्याच माणसाचं नाव आलं तर थांबा.

दुसरी तपासणी बहुतेकांना सुचत नाही. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस हा कर गोळा करून तुमच्या पॅनवर जमा करावा लागतो. नंतर तो आयकर पोर्टलवर तुमच्या नावासमोर दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. जो पॅन मागतच नाही, किंवा ‘कॅशमध्ये द्या, टीसीएस वाचवतो’ म्हणतो, त्याच्या व्यवहाराची कुठेही नोंद उरणार नाही. त्याने तुमचा कर वाचवलेला नसतो, तुमचा पुरावा पुसलेला असतो.

तिसरी विमानाची. पीएनआर आणि आडनाव घेऊन विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर पाहा. एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. इथे एक बारीक खोच आहे. पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवता येते, त्याला होल्ड म्हणतात, आणि तेवढ्यावरही पीएनआर मिळतो. मुदत संपली की बुकिंग आपोआप रद्द होतं. म्हणून पैसे भरल्याची स्थिती दिसते का ते बघा आणि आठवड्याने पुन्हा तपासा.

चौथी हॉटेलची, आणि तिथेही तोच डाव. ‘मोफत रद्द करता येईल’ असं बुकिंग करायचं, त्याचं व्हाउचर ग्राहकाला पाठवायचं, उरलेले पैसे आले की रद्द करायचं. व्हाउचर खरंच असतं, फक्त त्याचा जीव आठवडाभराचा. हॉटेलला थेट मेल करा: पाहुण्यांची नावं, तारखा, खोल्या, आणि पैसे आले आहेत का. मेलचा पत्ता हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, फेसबुकवरून नको. सुट्टीच्या तोंडावर हॉटेलांची आणि व्हिलांची हुबेहूब बनावट पानं तयार होतात. फोटो चोरलेले, अनुयायी विकत घेतलेले. ती पन्नास टक्के आगाऊ रक्कम खासगी खात्यात मागतात. खुद्द व्हिएतनामी लोकही त्यांत फसतात.

व्हिसाची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण इथे फसवणूक कायदेशीर दिसते. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो: एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असाच असतो. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिराती बहुतेक खासगी दलालांच्या असतात. ध्वज, राजमुद्रा, सगळं तसंच, आणि शुल्क दुपटी-तिपटीचं. दलाली घेणं हा गुन्हा नाही, पण त्यांनी नाव चुकीचं भरलं तर भुर्दंड तुमचा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या नावात असतं, ते गाळलं की विमानतळावर अडवू शकतात. शुल्क परत मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. प्रक्रियेला कामाचे तीन दिवस सांगतात, पण ३० एप्रिलच्या सुट्टीत कचेऱ्या बंद. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच अर्ज उरका. हातात आलेला व्हिसा खरा आहे का, हे त्याच सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, मेल आणि जन्मतारीख टाकून तपासता येतं. एजंटने स्वतःचा मेल दिला असेल तर तो मागून घ्या.

हनोईला उतरलात की पहिली परीक्षा नोटांची. एका रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात. पाच लाखांची नोट निळसर हिरवी आणि वीस हजारांची निळी. मंद उजेडात, टॅक्सीच्या मागच्या सीटवर, दोन्ही सारख्याच दिसतात. चालक पाच लाखांची घेतो, खाली वाकतो, वीस हजारांची वर धरून म्हणतो, तुम्ही चुकून ही दिलीत. सुमारे सोळाशे-सतराशे रुपयांचा फटका एका क्षणात. दोन लाखांची आणि दहा हजारांची नोटही अशीच घोळात टाकते. उपाय सोपा आहे: दोन पाकिटं. एकात पन्नास हजारांपर्यंतच्या नोटा, दुसऱ्यात मोठ्या, आणि देताना आकडा मोठ्याने उच्चारून हातात ठेवायचा. ‘फिफ्टी’ म्हणजे पन्नास हजार असतात, तिथे शेवटची तीन शून्यं बोलत नाहीत. पंधरा की पन्नास हा वाद टाळायला रक्कम मोबाइलवर शून्यांसकट टाइप करून दाखवा. गाडी ग्रॅब किंवा झान्ह एसएमसारख्या अ‍ॅपवरून मागवली, तर हा प्रश्न बराच सुटतो. पण नंबरप्लेट जुळवल्याशिवाय बसू नका. अ‍ॅपचं जाकीट घालून ‘तुमचीच गाडी’ म्हणणारे बाहेर उभे असतात.

बोटीच्या तिकिटात सरकारी दर्शनशुल्क आणि बोटभाडं हे दोन वेगळे हिशेब असतात. धक्क्यावरचा दलाल एकाचाच भाव सांगतो आणि दुसरा बोटीवर वसूल करतो. दर्शनशुल्क, जेवण, कायाक आणि धक्क्यापर्यंतची गाडी यांपैकी काय धरलं आहे, हे कागदावर घ्या. कुठून सुटणार, तेही: बाय चायचं प्रवासी बंदर आणि तुआन चाउ यांत बरंच अंतर आहे आणि चुकीच्या धक्क्यावर पोचलेल्याला परतावा मिळत नाही. आणि हवामानामुळे बंदराने बोटी थांबवल्या असतील, तर ‘माझी खासगी बोट जाते’ म्हणणाऱ्याच्या मागे अजिबात जाऊ नका. जुलै २०२५ मध्ये याच उपसागरात वादळात पर्यटक बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेली. तिथे पैशांपेक्षा मोठं काही पणाला लागतं.

मासळी खाणाऱ्यांना भाव करणं शिकवायला नको, पण तिथली तऱ्हा निराळी आहे. मेन्यूवर किंमतीच्या जागी आकडा नसेल तर तो ‘आजचा भाव’, म्हणजे बिल येईपर्यंत कळणार नाही असा. भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा, हे बोट ठेवून विचारा. टाकीतून काढलेली कोळंबी किंवा खेकडा पाण्याच्या पिशवीसकट तोलतात. पाणी गाळून, रिकामी टोपली आधी काट्यावर ठेवून तोलायला सांगा. तोललेला माल शिजेपर्यंत बदलतोही, तेव्हा फोटो काढून ठेवा. टेबलावरचा ओला रुमाल फुकट नसतो. सुट्टीच्या दिवसांत बिलावर अधिभार लागतो; तशी पाटी लावलेली असेल तर तो द्यावाच लागेल, नसेल तर हुज्जत घाला. शाकाहाऱ्यांनी ‘आन चाय’ म्हणावं आणि तरीही मासळीचा सॉस घातला नाही ना, हे विचारावं.

सोहळ्याच्या दिवशी किनाऱ्यालगतचे रस्ते काही तास आधीच बंद होतात. दुपारी चारच्या सुमारास चालत पोचलात तर उभं राहायला चांगली जागा मिळते. कॅफेची गच्ची हवी असेल तर किमान ऑर्डर किती, हे आधी ठरवा. तो दर महाग असला तरी फसवणूक नव्हे. आतषबाजी संपल्यावर दुचाकीवाले चौपट भाडं मागतात. अर्धा तास थांबून थोडं आत चाललात की अ‍ॅपवर गाडी मिळायला लागते.

पैसे गेलेच असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे. यूपीआय किंवा ऑनलाइन भरणा असेल तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकते. त्यासाठी १२ अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून संभाषण डिलीट करू नका. क्रेडिट कार्ड असेल तर बँकेकडे लेखी वाद नोंदवा. ज्याने नेलं पण कबूल केलेलं दिलं नाही, त्याच्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग. तिथे मूळ पत्रक हाच मुख्य पुरावा, ते जपून ठेवा. व्हिएतनाममध्ये पोलिसांचा क्रमांक ११३. प्रवासविम्याचा दावा करायचा तर तिथल्या पोलिसांचा कागद घेऊनच निघा. हनोईतला भारतीय दूतावास हरवलेल्या पासपोर्टसाठी मदत करतो, एजंटकडचे पैसे काढून देत नाही.

आणि तक्रार केल्यानंतर ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सोडवलीय, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी घेतलेल्याचा असतो. १९३० वर नोंदलेल्या तक्रारीसाठी कुठलंही शुल्क नाही.