जुनी बोट घेताय? कागद त्याच बोटीचे आहेत का, ते आधी बघा

दादाला विकलेली बोट आणि तिच्याबरोबर दिलेले कागद दोन वेगळ्या बोटींचे निघाले. ११ लाख रुपये देऊन झालेत, बोट खाडीत उभी आहे आणि ती त्याच्या नावावर चढणं आता जवळपास अशक्य आहे. हंगाम बंद असताना रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात जुनी बोट बघत फिरणारे बरेच असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दादा आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. स्वतःची बोट घ्यायची म्हणून सोसायटीचं कर्ज, वहिनीचे दागिने आणि माझे थोडे असे पैसे जमवले. ओळखीतून एक जण भेटला. सहा सिलिंडरची फायबर बोट, जाळ्यांसकट १६ लाख. सौदा जूनमध्ये ठरला, आणि त्या माणसाने जून उगाच निवडला नव्हता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, शाकारून ठेवलेल्या. झापा-ताडपत्रीखाली बोट अर्धीमुर्धीच दिसते, इंजिन चालवून बघता येत नाही, समुद्रात फेरी मारता येत नाही. त्यात मागच्या हंगामाचे खलाशी आपापल्या गावी गेलेले, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही.

कागद त्याने स्वतःहून पुढे केले. नोंदणी प्रमाणपत्र, मासेमारीचा परवाना, विम्याची जुनी पावती. नोंदणी एका म्हाताऱ्या नाखवाच्या, म्हणजे बोटमालकाच्या नावावर, याच्या हातात त्याचं मुखत्यारपत्र. "नाखवा आता थकलेत, व्यवहार सगळा मीच बघतो, तांडेल. नाव चढवून द्यायची जबाबदारी माझी, एजंट आपलाच आहे." ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर विक्रीचा करार, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. २ लाख इसार, ९ लाख ताबा घेताना, उरलेले ५ लाख नाव चढल्यावर. अकरातले ४ लाख त्याने रोख मागून घेतले, कारण काय तर त्याला खलाशांची उचल द्यायची होती.

प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं होतं. बोटीवर कागद भिजतात म्हणून बरेच जण करतात, त्यामुळे कोणाला खटकत नाही. पण लॅमिनेशनच्या आत मूळ कागद नव्हता, रंगीत झेरॉक्स होती. आणि त्या झेरॉक्सवर बोटीच्या प्रकारासमोर 'फायबर' हा शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा केसभर वर बसलेला होता. नीट पाहिलं तर आजूबाजूचा पांढरा भागसुद्धा जरा जास्तच पांढरा. प्लास्टिकच्या चकाकीत हे दिसत नाही. खिडकीपाशी कागद तिरका धरला की दिसतं.

जुलै संपला तरी एजंटाचं 'अर्ज टाकलाय, साहेब रजेवर आहेत' चालूच. शेवटी दादा स्वतः मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात गेला. तिथल्या माणसाने रिअलक्राफ्टवर, म्हणजे मासेमारी बोटींच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमची बोट लाकडी ना?"

त्या नंबरची बोट लाकडी होती. ती काही वर्षांपूर्वी मोडीत निघाली, पण नोंदणी रद्द करून घ्यायला कोणी गेलं नाही. नवी बोट बांधायची तर आधी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि ती सहज मिळत नाही. म्हणून कोणीतरी परवानगीशिवाय फायबरची बोट बांधून घेतली आणि मेलेल्या बोटीचा नंबर तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर रंगवला. बंदरात याला कोणी गुन्हा म्हणत नाही, 'कागदावर चालवतात' एवढंच म्हणतात. माशांचा थवा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, म्हणजे पर्ससीनच्या बोटवाल्यांना हे नव्याने सांगायला नको. २०१६ मध्ये नवे पर्ससीन परवाने बंद झाल्यापासून तिथे चालू परवाना म्हणजेच मालमत्ता आहे, आणि जिथे कागदाला बोटीइतकी किंमत येते तिथे कागद वेगळा विकणाराही येतोच.

नंतर पाहणी झाली. अधिकाऱ्याने टेप लावला, लांबी प्रमाणपत्रापेक्षा जवळपास मीटरभर जास्त भरली. मग इंजिन. प्लेटवरचा नंबर कागदाशी बरोबर जुळत होता. पण प्लेटचे चारही स्क्रू नवे, चकचकीत, आणि बाकी सगळं इंजिन काळं आणि तेलकट. ब्लॉकवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे डिझेलचा बोळा फिरवला तर खाली ग्राइंडर मारल्याच्या आडव्या रेघा. नाळेवर 'आयएनडी-एमएच'पासून पुढचा सगळा नंबर ताज्या रंगात, आणि त्यावरून हाताचं बोट फिरवलं की खालचे जुने आकडे हाताला लागत होते. ते आकडे वेगळेच होते. म्हणजे ही बोट आधी आणखी कुठल्यातरी तिसऱ्या नंबरवर चालत होती.

एवढ्यावर भागलं नाही. कागदावरचे नाखवा दीड वर्षापूर्वीच वारले होते, म्हणजे सौदा झाला तेव्हा ते हयातच नव्हते. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की नुसत्या मुखत्यारपत्राचा अधिकारही त्याच्याबरोबर जातो, मग त्यावर कितीही शिक्के असोत. त्यांच्या मुलांना या विक्रीचा पत्ताच नव्हता. शिवाय त्या लाकडी बोटीवर मच्छीमार संस्थेमार्फत घेतलेलं एनसीडीसीचं (राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं) कर्ज होतं, थकलेलं, आणि बोट संस्थेकडे तारण. नंबर दादाच्या नावावर करायचा तर आधी संस्थेचा ना-हरकत दाखला हवा, आणि संस्था म्हणते आधी थकबाकी भरा. जी बोट आता जगात नाही तिचं कर्ज, ज्याने ती कधी बघितली नाही त्याच्या माथी.

तशीच चालवा म्हणणारे शहाणे भेटलेच. पण २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी बोटीवरून मुंबईजवळ आले, तेव्हापासून समुद्रात नंबर, कागद आणि खलाशांची कार्डं तपासली जातात. पूर्वीसारखं राहिलेलं नाही. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ मध्ये बदलला आणि विनापरवाना मासेमारीचा दंड लाखांत गेला. कागद जुळत नसतील तर डिझेलचा परतावा नाही, आणि बोट बुडाली तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच विचारते. खलाशाच्या जिवाचं काही झालं तर त्याच्या घरच्यांना काय सांगणार? दादाने बोट बाहेर काढली नाही. खलाशांना दिलेली उचल मात्र गेली ती गेलीच.

पोलिसांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा उत्तर तयार होतं: हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. बऱ्याच जणांचं प्रकरण इथेच थांबतं. वकिलांनी तक्रार वेगळ्या पद्धतीने लिहिली. पैशांचा व्यवहार मागे ठेवला, फेरफार केलेलं प्रमाणपत्र आणि मेलेल्या माणसाच्या नावाने वापरलेलं मुखत्यारपत्र पुढे आणलं. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, म्हणजे पूर्वीचं ४२०. बनावट कागदाचा गुन्हा वेगळा. त्यानंतर तक्रार घेतली गेली. विकणाऱ्याचं म्हणणं, मलाही ती अशीच मिळाली. कदाचित खरंही असेल, पण १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विकणाऱ्याकडे जो हक्कच नाही तो घेणाऱ्याला मिळत नाही. नोटरीने त्यात फरक पडत नाही. नोटरी सह्या खऱ्या असल्याचं सांगतो, बोट कोणाची ते सांगत नाही. हे आमच्याकडे जाणत्या माणसांनाही पटवून द्यावं लागतं.

आता जे घ्यायला निघालेत त्यांना एवढंच सांगतो. इसार द्यायच्या आधी नंबर घेऊन स्वतः कार्यालयात जा, एजंटाला पाठवू नका. नोंदीत मालक कोण, बोट लाकडी की फायबर, लांबी-रुंदी किती, इंजिन कुठलं, तारण आहे का, हे विचारून लिहून घ्या. मग टेप आणि पेन्सिल घेऊन बोटीवर जा. इंजिन नंबर प्लेटवरून उतरवू नका, ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो छाप जपून ठेवा. फायबरची बोट असेल तर बांधणीची परवानगी आणि ज्याने बांधली त्याचं बिल मागा. खरा मालक हे दोन्ही कागद टाकून देत नाही. मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, हयात असेल तर तो स्वतः समोर. मुखत्यारपत्र असलं तरी मालकाच्या घरी एकदा जाऊन या, चहा पिऊन या. संस्थेच्या सचिवाला भेटा, थकबाकी त्याला तोंडपाठ असते. मागच्या हंगामातल्या एखाद्या खलाशाचा फोन नंबर मिळवा. ती बोट कुठल्या नावाने, कुठल्या नंबराने चालायची हे तो दोन मिनिटांत सांगतो. पैसे बँकेतून द्या आणि मोठा हप्ता नाव चढेपर्यंत हातात ठेवा. आमचे ५ लाख त्यामुळेच वाचले. पर्यटकांची बोट घेणाऱ्यांचे कागद वेगळे, तिथे सर्वेक्षणाचा दाखलाही बघावा लागतो, पण इंजिन आणि टेपची गोष्ट तिथेही तीच.

आणि ज्यांना अशी बोट आधीच गळ्यात पडली आहे त्यांनी नाळेवरचा रंग खरवडू नये, इंजिनची प्लेट काढू नये. आधी तारखेसह फोटो काढा, पंचनाम्याची मागणी करा. लॅमिनेशन फाडून आत काय आहे ते बघायचा मोह होतो, तोही टाळा. आमच्या तक्रारीत आज सगळ्यात भक्कम पुरावा ते लॅमिनेशनच आहे.