सात बाय नऊचं स्वयंपाकघर, नऊ महिन्यांनंतर

मागच्या नोव्हेंबरात आमचं स्वयंपाकघर पाडून नव्यानं केलं. हिवाळा गेला, वाळवणं झाली, ४५ अंशांचा उन्हाळा निघाला आणि आता पावसानं दारं-खिडक्या फुगायला लागल्यात. एवढं सगळं पाहून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण काम झाल्या-झाल्या सगळ्यांचंच स्वयंपाकघर छान दिसतं.

नागपूरच्या नंदनवन भागातला जुना फ्लॅट, वरचा मजला. स्वयंपाकघर ७ फूट बाय ९ फूट. माणसं पाच: ७४ वर्षांच्या सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आधी ओट्याखाली कडप्प्याच्या दोन फळ्या होत्या. कुकर काढायचा तर मी उकिडवी बसायचे, पुढचे तीन गंज (पातेली) बाहेर, त्यामागची कढई बाहेर, मग खांद्यापर्यंत हात आत घालून कुकरचा दांडा चाचपायचा. सकाळी साडेसहाला हे, संध्याकाळी पुन्हा तेच. गुडघे दुखायला लागल्यापासून सासूबाईंनी खालचं सामान काढणंच सोडलं होतं. ज्या घरात चाळीस वर्षं स्वयंपाक केला, तिथे त्या "तेवढा गंज देशीन का वं?" असं विचारायच्या. मला ते फार लागायचं. म्हणून काम काढलं तेव्हा एकच मागणी होती, खालचं सामान आपल्यापर्यंत चालत आलं पाहिजे.

ओट्याखाली दारं जवळजवळ ठेवलीच नाहीत, सगळे ड्रॉवर केले. शेगडीजवळ एकाखाली एक तीन आहेत. वरचा ४ इंची, त्यात सराटे, झारे, सांडशी. मधला ८ इंची, त्यात रोजची ताटं-वाट्या. खालचा १४ इंची, त्यात कुकर, गंज आणि कणीक मळायचा कोपर. खालचा ड्रॉवर ओढला की सगळं वरून दिसतं आणि एका हातानं उचलता येतं. ग्रॅनाइट, प्लंबिंग आणि सुतारकाम मिळून १ लाख ७२ हजार लागले, आणि सगळ्यात जास्त वसूल झालं ते याच तीन ड्रॉवरचं.

पण इथेच एक चूकही झाली. मी प्लायवूडची चौकशी खोलात जाऊन केली, ड्रॉवर ज्यावर सरकतात त्या चॅनेलची केलीच नाही. सुतारानं सगळ्या ड्रॉवरना सारखेच हलके चॅनेल लावले. एप्रिलमध्ये खालचा ड्रॉवर एका बाजूनं बसला, घासायला लागला, आणि एका सकाळी अर्धवट उघडून तसाच अडकला. आत कुकर, बाहेर मुलांच्या डब्यांची घाई. आता तिथे ४५ किलो पेलणारे टेलिस्कोपिक चॅनेल आहेत आणि तक्रार नाही. स्टीलची भांडी एकत्र केली की किती जड होतात याचा आपल्याला अंदाज नसतो. करून घेणाऱ्यांनी भांड्यांचा ड्रॉवर वजन सांगूनच करून घ्यावा. तारेच्या जाळ्यांचे ट्रॉली-ड्रॉवरही घेऊ नका. मधल्यात तसाच टाकला होता, वाट्या तारांमध्ये तिरक्या होऊन बसायच्या. शेवटी तळाला पत्रा कापून टाकला.

डाळी-तांदळाचे डबेही ड्रॉवरमध्ये गेले. वरून बघितलं तर सगळी झाकणं सारखीच. नावं लिहून चिकटवली, पण सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईना. मग त्यांनीच युक्ती काढली. प्रत्येक झाकणावर पारदर्शक टेपखाली त्या-त्या जिनसाचे चार दाणे लावले. तुरीवर तूर, मुगावर मूग, फल्लीवर, म्हणजे शेंगदाण्यांच्या डब्यावर, फल्लीचा एक दाणा. बोट फिरवलं तरी कळतं. माझी मुलगी आर्किटेक्चर शिकते. तिनं सांगितलं की १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं, त्यातही साखर-तांदळासाठी नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण होते. ते स्वयंपाकघर साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं, म्हणजे आमच्यापेक्षा जेमतेम सहा-सात चौरस फूट मोठं. हे ऐकून मला फार धीर आला.

त्याच बाईंसारखं मुलीनं माझं चालणं मोजलं. दोन दिवस सकाळी दारात बसून कागदावर रेघा ओढत होती. सगळ्यात जास्त फेऱ्या सिंक ते शेगडी, आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये फ्रिज! फ्रिज बाहेरच्या बोळीत नेला. दुधासाठी सहा पावलं जास्त पडतात, पण सिंक आणि शेगडीच्या मध्ये अडीच फूट मोकळा ओटा मिळाला. भाजी धुवायची, तिथेच चिरायची, तिथूनच कढईत. गव्हाची क्विंटलभराची कोठीही आतल्या खोलीत गेली. स्वयंपाकघरात दहा किलोचा डबा असतो, संपला की भरायचा.

शेगडी आधी खिडकीखाली होती, वाऱ्यानं आच हलायची. ती आतल्या भिंतीला घेतली, खिडकीखाली सिंक आलं. यातला तोटा पुढे कळला. एक्झॉस्ट खिडकीच्या वर, शेगडीपासून पाच फुटांवर राहिला. सावजी मसाल्याची फोडणी पडली की ठसका आधी हॉलमध्ये जातो, मग पंख्याकडे. पंखा शेगडीच्या डोक्यावर हवा होता.

माठाचं सांगायलाच हवं. चकचकीत नकाशा तयार झाला, सगळ्यांना दाखवला, आणि सासूबाईंनी एकच विचारलं, "अन् उन्हाळ्यात माठ कुठं ठेवशीन?" नकाशात माठाला जागाच नव्हती. सुतार म्हणाला, कपाटात बसवून देतो. पण माठातलं पाणी गार होतं ते पाझरून बाहेर वाळतं म्हणून. हवा लागली नाही तर गार काय होणार, आणि पाझर प्लायवूडमध्ये जाणार. म्हणून खिडकीशेजारी कडप्प्याचा दीड फुटी कट्टा केला, त्याला सिंककडे थोडा उतार दिला. मेमध्ये घरातली सगळ्यात जास्त वापरलेली जागा तीच होती.

सिलिंडरवरून सुताराशी वादच झाला. त्याला समोर घट्ट बंद दार हवं होतं, दिसायला चांगलं म्हणून. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. मी तळाशी जाळी लावून घेतली. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, म्हणून खाली चाकांची चकती आहे. पाइप ज्या भोकातून जातो त्याच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या, रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचू द्या, आणि पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो हे विसरू नका.

ओट्याची उंची ३३ इंच. मला बरोबर, सासूबाईंना उंच. त्यांच्यासाठी २८ इंचांवर बाहेर ओढायची जाड फळी केली, तिच्यावर त्या स्टुलावर बसून पोळ्या लाटतात. पहिल्या दिवशी फळी हलत होती. खाली एक घडीचा पाय लावल्यावर बसली. आता सकाळच्या पोळ्या पुन्हा त्यांच्याकडे आहेत, कोणी सांगितलं नव्हतं.

वरची कपाटं मात्र मला समाधान देत नाहीत. वर उचलायची दारं घेतली. उघडली की सासूबाईंचा हात बंद करायला पोचत नाही. स्लॅबखालचा खण उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. तिथे ठेवलेली पाच किलो फल्ली जूनपर्यंत खवट झाली, फेकून द्यावी लागली. कुरडया, पापड, सरगुंडे तिथे छान राहिले, कुरकुरीत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तेलकट काहीही स्लॅबजवळ ठेवू नये.

शेगडीशेजारचा ६ इंची बाटल्यांचा उभा ड्रॉवरही पैसे वाया. तेल ओघळतं, तळाशी चिकट थर बसतो, आणि पुसायला हात जात नाही. कोपऱ्यासाठी सुतार म्हणत होता, "ताई, जागा वाया जाऊन राहिली ना, फिरती चकती टाकून घ्या." चौदा हजार सांगितले. नाही टाकली. तिथे महालक्ष्म्यांचे मोठे गंज आणि पुरणयंत्र आहे, वर्षातून दोनदा काढायचं.

सिंकखाली पाण्याला टिकणारं ७१० नंबरचं प्लायवूड लावलं, एवढ्या पावसातही फुगलं नाही. शेजारच्या खणाला पैसे वाचवायला साधं लावलं होतं, त्याची खालची कड आत्ताच बोटाला लागायला लागली आहे.

महालक्ष्म्यांना तीस-पस्तीस पानं असतात. त्याच्या आत ही कड बदलून घ्यायची आहे, कोपऱ्यात दिवा लावायचा आहे, आणि वरच्या दारांना ओढायला दोऱ्या बांधायच्या आहेत. सुताराला रविवारी बोलावलं आहे.