सहा सेकंड चान्स रोमान्स लागोपाठ वाचले, सोडून गेलेल्या हिरोंबद्दल बोलायचंय

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी अडीच. त्यातला अर्धा एकट्या पाचव्या पुस्तकाचा आहे, त्याच्याबद्दल शेवटी.

मे महिन्यात अमळनेरला दुपारी बारानंतर घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते, कूलरसमोर सतरंजी टाकून पडायचं आणि वाचायचं, तर ह्या वर्षी वाचनाच्या अ‍ॅपवर इंग्रजी रोमान्सचा सहा पुस्तकांचा संच दिसला, सगळे सेकंड चान्स, म्हणजे तुटलेलं प्रेम परत जुळण्याचे, सगळे अमेरिकेतल्या छोट्या गावातले, आणि मी तीन आठवड्यांत सगळे संपवले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि पुस्तकात बर्फ पडतोय, ते वाचायला छानच वाटतं, खरं सांगते. मला हा प्रकार मनापासून आवडतो. गेली दहा-बारा वर्षं वाचतेय. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं, रोमान्सचा करारच तो आहे, त्यामुळे शेवट काय होतो ह्याची मला काळजी नसते, तिथपर्यंत ते दोघं कसे पोचतात तेवढंच मी बघते. आणि तिथेच ह्या संचाने माझा जीव खाल्ला.

एका पुस्तकाचं नाव घेऊन खापर फोडायचं नाहीये, कारण दुखणं सहापैकी पाचांत तेच आहे. सांगाडा असा की कॉलेजला जायच्या आधीचं प्रेम, एक जण गाव सोडून जातो, दहा-बारा वर्षांनी आजीचं घर नाहीतर बंद पडलेली बेकरी विकायला परत येतो, दुसरा तिथेच असतो, दुकान चालवत, वडलांचं आजारपण काढत. मग गावची जत्रा, एक वादळ, लाइट जाते, दोघं एका छताखाली अडकतात, आणि अडीचशेव्या पानावर परत ब्रेकअप, तीनशेव्यावर लग्नाची मागणी. सांगाड्याबद्दल तक्रार नाही. भरीत पण दर वेळी त्याच पद्धतीने करतात, तरी वांगं भाजताना कोण किती जीव लावतं ते चवीत कळतंच ना.

तक्रार आहे सोडून गेलेल्या माणसाबद्दल. हे हिरो (एका पुस्तकात हिरोइन) परत येतात आणि मी का गेलो ते सांगतात. बाप दारुडा होता, मला वाटलं मी तुझ्या लायक नाही, तुझं करिअर अडू नये म्हणून गेलो. पानंच्या पानं. ड्युअल पीओव्ही, म्हणजे गोष्ट आलटून पालटून दोघांच्या नजरेतून असल्यामुळे त्याच्या डोक्यातलं सगळं आपल्याला कळतं, त्याच्या रात्री, त्याची झोप, त्याचा पश्चात्ताप. पण एकदाही, अख्ख्या पुस्तकात एकदाही तो तिला विचारत नाही की मी गेल्यावर तुझं काय झालं गं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंस का? लोकांनी विचारलं तेव्हा काय सांगितलंस? त्याची जखम आपण बघायची आणि तिने ती बघून विरघळायचं, म्हणजे झाला सेकंड चान्स. तिची बारा वर्षं दोन ओळींत, तिने कामात स्वतःला गुंतवून घेतलं, बस. मला हे वाचवत नाही.

आणि ती पण बोलत नाही! तिसऱ्या पुस्तकातली तर हार्डवेअरचं दुकान एकटीने चालवते, ट्रकवाल्यांना गप्प बसवते, बँकेच्या माणसाशी भांडते, आणि हा समोर आला की हिच्या तोंडून शब्द फुटत नाही, नुसती हिची छाती धडधडते. अडीचशे पानं दोघांनी एक प्रश्न विचारला असता तर संपली असती असं वाटायला लागलं की समजायचं, लेखिकेने पात्रांना मुद्दाम मुकं ठेवलंय. चौथ्यात सिक्रेट बेबी आहे, सात वर्षांची मुलगी, तिच्या बापाला पत्ताच नाही. इथे चूक हिरोइनची आहे आणि मोठी आहे, त्या माणसाची मुलीची सात वर्षं गेली, पहिलं पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, आणि त्याचा राग तीन पानांत संपतो कारण पुढे जत्रेचा सीन लावायचाय. म्हणजे बाईला सोडून गेलेल्या पुरुषाचा हिशोब नाही आणि मूल लपवलेल्या बाईचाही नाही. दोन्हीकडे तीच घाई.

सगळ्यात जास्त मी चिडले ते लपवलेल्या पत्रांवर. दोन पुस्तकांत आहे हे. त्याने पत्रं लिहिली होती, तिच्या आईने ती पेटीत लपवून ठेवली, बारा वर्षांनी पेटी सापडली, झालं, सगळा दोष आईच्या डोक्यावर आणि हिरो स्वच्छ. अरे पण तुझ्याकडे फोन होता ना बाबा. उत्तर आलं नाही तर बसने यायचंस. दोघांमधल्या चुकीला तिसरा माणूस शोधून दिला की लेखिकेचं काम सोपं होतं, पण वाचणारीच्या हाताला काही लागत नाही.

ह्या प्रकाराची मूळ माउली जेन ऑस्टिनची पर्स्युएजन ही कादंबरी, ती १८१७च्या डिसेंबरात आली, ऑस्टिन गेल्यावर पाच महिन्यांनी. तिथेही तिसरा माणूस आहे. अ‍ॅन एकोणीस वर्षांची, तिच्या प्रियकराकडे, वेंटवर्थकडे पैसा नाही, लेडी रसेल, तिच्या आईची मैत्रीण, तिला समजावते आणि अ‍ॅन ठरलेलं लग्न मोडते. आठ वर्षांनी तो कॅप्टन होऊन, पैसा कमावून परत येतो आणि सुरुवातीला किती डोकं फिरवतो! तू ओळखू येणार नाहीस इतकी बदललीस असं तो म्हणाल्याचं तिच्या कानावर येतं, तिच्यासमोर दुसऱ्या मुलीच्या मागेपुढे करतो. त्याच्या पत्राबद्दल सगळे बोलतात, पण मला पत्रानंतरचा छोटा प्रसंग जास्त आवडतो. सगळं जुळल्यावर संध्याकाळी घरी पाहुणे जमलेत, दोघं कुंड्यांतली झाडं बघतोय असं दाखवत उभे आहेत, आणि तो म्हणतो की लेडी रसेलपेक्षा मोठा शत्रू मी स्वतःच होतो. मग विचारतो, १८०८ साली हाताशी थोडे पैसे आले, जहाज मिळालं, तेव्हा मी तुला पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? तिचं उत्तर इवलंसं, पण त्यात सगळा होकार आहे. आणि त्याला तिथल्या तिथे कळतं की मधली सहा वर्षं फक्त आपल्या अहंकाराने खाल्ली. दोष लेडी रसेलवर ढकलायची आयती सोय होती, त्याने ढकलला नाही. दोनशे वर्षांपूर्वी हे लिहून झालंय, मग आताच्या लेखिकांना आईची पेटी कशाला लागते?

दुसरी गोष्ट गावाची. ह्या पुस्तकांतली गावं दिसायला गोड आहेत पण त्यांना आठवणच नाही. हिरोची आई आणि हिरोइन एकाच गल्लीत, दर आठवड्याला ही तिच्या हातचा केक खाते, आणि तरी हिला माहीत नाही की त्याचं तिकडे लग्न होऊन मोडलं. छोट्या गावात राहिलेल्या माणसाने हे कसं मान्य करायचं? आमच्याकडे माणूस स्टेशनवर उतरला की रिक्षा घरी पोचायच्या आत बातमी पोचते. श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, घरी बसते तेव्हा सुरतेला, पुण्याला गेलेलं सगळं खटलं घरी येतं, आणि रोटाला, म्हणजे तिच्या प्रसादाला, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू मोजून घेतात, जो येऊ शकला नाही त्याच्याही नावाची. म्हणजे गेलेला माणूस विसरायची सोयच नसते, दर वर्षी त्याचं नाव घ्यावंच लागतं. ज्या बाईला तो सोडून गेला तिला ते नाव किती वेळा, किती जणांच्या तोंडून ऐकावं लागत असेल, ही खरी कादंबरी आहे. ती कुणी लिहितच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी माहेरी पारोळ्याला जाते, झोके बांधलेले असतात, सगळ्या सासुरवाशिणी आलेल्या असतात. काही वर्षांपूर्वी गल्लीतला एक मुलगा असाच खूप दिवसांनी परत आला होता. ओट्यावरच्या म्हाताऱ्या आजीने त्याला आधी पाणी दिलं, बसवलं आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, "आते काबरं उना रे भाऊ?" आता का आलास. राग नव्हता आवाजात, पण उत्तर दिल्याशिवाय सुटका पण नव्हती. ह्या पुस्तकांतल्या गावांत बेकरीवाली मावशी आहे, भांडकुदळ म्हातारा आहे, जोड्या जुळवणाऱ्या पाच-सहा बायका आहेत, पण ही आजी नाही. सगळं गाव त्याला बघून टाळ्या वाजवतं आणि तिला बाजूला घेऊन सांगतं की एक संधी दे गं त्याला. ती बिचारी नाही म्हणाली तर वाईट तीच.

चांगलं काय ते पण सांगते. बहिणी-बहिणींचे सीन सगळीकडे छान आहेत, भाषा सोपी आहे, माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्यांना डिक्शनरी लागत नाही, आणि दुसऱ्या पुस्तकातला शाळेतला शिक्षक हिरो खरंच गोड आहे, फक्त त्याला उगाच गैरसमजात अडकवलंय. पहिलं आणि सहावं सोडलंत तरी चालेल. चौथं लहान मुलांच्या आयांनी वाचू नका, फार त्रास होतो.

आता पाचवं. ह्यात गेलेला हिरो परत येतो, तिच्या दुकानात उभा राहतो आणि का गेलो ते सांगायला लागतो, ती हात वर करून त्याला थांबवते. म्हणते, तुझं नंतर. मग ती सांगायला लागते, पहिल्या हिवाळ्यात पाइप फुटला ते, वडलांना उचलून बाथरूमला नेताना तिची पाठ गेली ते, त्याच्या मित्राच्या लग्नात कुठल्या टेबलावर बसवलं ते, अख्खं एक प्रकरण, मध्ये गिऱ्हाईक येतं तर ती खिळे मोजून देते आणि परत पुढचं वर्ष सुरू करते. तो स्टुलावर बसून ऐकतो. सॉरी पण म्हणत नाही, कारण तिचं अजून संपलेलं नसतं. शेवटी ती दुकान बंद करते, तो शटर ओढायला मदत करतो आणि विचारतो, उद्या किती वाजता उघडतेस, राहिलेलं ऐकायला येतो.

मी ते प्रकरण त्याच दुपारी दोनदा वाचलं आणि रात्री जावेला फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. बाकीची पाच अ‍ॅपवर परत केली, हे एक ठेवलंय.