पहिले प्रवास क्रेडिट कार्ड: नांदेड-मुंबई प्रवाशासाठी आयआरसीटीसी एसबीआय कार्ड

मराठवाड्यातून विमानाने फारसे न जाणाऱ्या, पण देवगिरी एक्स्प्रेसने किंवा जालन्याहून सुरू होऊन 2025 मध्ये नांदेडपर्यंत वाढवलेल्या वंदे भारतने मुंबई गाठणाऱ्या माणसाने, पहिले कार्ड निवडताना विमानतळावरच्या लाउंजच्या आकर्षणापेक्षा स्वतःचा तिकीटखर्च आधी पाहावा. या कसोटीवर आयआरसीटीसी एसबीआय प्लॅटिनम कार्ड मला सर्वांत योग्य वाटते. वातानुकूलित वर्गाचे तिकीट आयआरसीटीसीवर काढल्यास 10 टक्क्यांपर्यंत गुण (रिवॉर्ड पॉइंट) मिळतात आणि एका गुणाची किंमत 1 रुपया असल्याने हिशेब सरळ राहतो.

पहिल्या वर्षाचे शुल्क 500 रुपये (दुसऱ्या वर्षापासून 300) असून 18 टक्के जीएसटी धरून ते 590 होते, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे 5,900 रुपयांची वातानुकूलित तिकिटे काढली तरच ते भरून निघते; दोघांचे कुटुंब दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुंबईला जात असेल, तर हे सहज जमते. स्लीपरने जाणाऱ्यांना मात्र हा मोठा लाभ नाही, आणि आपल्याकडे अनेक प्रवासी स्लीपरनेच जातात, ही या कार्डाची खरी मर्यादा आहे. त्यांनी बिनशुल्क कॅशबॅक कार्ड घ्यावे.

बिल मुदतीत पूर्ण भरण्याची खात्री नसेल, तर कोणतेच कार्ड घेऊ नये, कारण थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते.