सजग स्वप्नांसाठी दिव्यांचा गॉगल: सांगलीतील वापराचा अनुभव

झोपताना डोळ्यांवर बांधायचा आणि ठरावीक वेळी पापण्यांवर लाल दिवे लुकलुकवणारा एक गॉगल मी ऑनलाइन मागवला, आणि हिवाळा व उन्हाळा असे दोन्ही ऋतू सांगलीतील घरी वापरून पाहिला. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान यावे, म्हणजेच सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम पडावे, एवढाच त्याचा उद्देश आहे. तो उद्देश साधतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या अटींवर तो साधतो त्या खोक्यावर छापलेल्या नाहीत, आणि त्या सांगितल्याशिवाय नुसती शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

यामागचा विचार भक्कम आहे. ठळक स्वप्ने बहुतांशी ज्या टप्प्यात पडतात त्या रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडलेले असतात, पण डोळे हलत राहतात. त्याच आधारावर १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी, झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून दिलेल्या, आधी ठरवलेल्या खुणा यंत्रावर नोंदवल्या. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवून दिले आणि बाहेरचा प्रकाश स्वप्नात शिरतो हे हेरून ‘ड्रीमलाइट’ व ‘नोव्हाड्रीमर’ ही उपकरणे आणली. नोव्हाड्रीमर पापण्यांखालची हालचाल सेन्सरने ओळखून मगच दिवे लावत असे. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवणाऱ्या संकेतस्थळावर आलेल्या ‘रेमी’ या गॉगलने सेन्सर वगळला आणि केवळ वेळेचा हिशेब ठेवला. माझा गॉगल याच दुसऱ्या जातीचा आहे.

त्यामुळे सगळे यश वेळ लावण्यावर अवलंबून राहते. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते. रात्रीच्या पहिल्या आवर्तनात रेम झोप जेमतेम काही मिनिटे टिकते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणून साडेदहाला झोपणाऱ्याने पहिला प्रकाश पहाटे तीनच्या आधी येऊ देऊ नये. गॉगलमध्ये कारखान्यातूनच लावून आलेली वेळ फार लवकरची होती आणि तिच्यामुळे गाढ झोप मोडण्यापलीकडे काहीही साधत नव्हते. प्रकाशाची तीव्रताही हळूहळूच वाढवावी: फार मंद ठेवला तर स्वप्नापर्यंत पोहोचत नाही, आणि जरा जास्त झाला की सरळ जाग येते.

प्रकाश स्वप्नात दिव्यांच्या गॉगलसारखा दिसेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. माझ्या स्वप्नात तो बहुधा मळ्यातील विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा लाल दिवा होऊन आला. रात्रीची लाइट आली की उसाला दारे धरायला जाणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला त्या लुकलुकण्यात काहीच वावगे वाटत नाही. एखादी फेज गेली असेल, असे स्वप्नातले मन लगेच समजावते आणि माणूस सरीतून पुढे चालू लागतो. या समजावण्यावर उपाय एकच, आणि तो दिवसा करायचा असतो. चार्जरचा, चौकातल्या सिग्नलचा, कोणताही लाल दिवा दिसला की थांबून ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?’ असे मनापासून विचारायचे आणि जवळचा एखादा मजकूर दोनदा वाचायचा, कारण स्वप्नातला मजकूर दुसऱ्या वाचनात बहुधा बदलतो. ही सवय मुरल्यावर एका पहाटे मी स्टार्टरच्या पेटीवर रंगवलेले आकडे पुन्हा वाचले, ते बदललेले होते, आणि त्या क्षणी संपूर्ण मळा, त्यातला ओल्या मातीचा वास आणि पाटाच्या पाण्याचा गारवा यांसह, जागेपणी दिसावा इतका स्वच्छ झाला. भान निसटू लागले की स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळावेत, हा लाबर्ज यांचा सल्ला तेव्हा उपयोगी पडला. या एका अनुभवासाठी मी हा गॉगल पुन्हा विकत घेईन.

बांधणीबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि पंख्याखाली झोपले तरी नाकाजवळचा फोम घामाने भिजून घसरतो. मग दिवे पापण्यांऐवजी भुवयांवर पडतात. फोमच्या आत मलमलीची घडी ठेवून आणि अरुंद पट्टा उसवून शिंप्याकडून रुंद इलॅस्टिक लावून घेतल्यावर तो जागेवर राहू लागला. कुशीवर झोपणाऱ्याला कडेचा कठीण भाग तरीही टोचतो. बटण सेल घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि तो पुष्कळ दिवस पुरतो, त्याबद्दल तक्रार नाही.

ज्यांना फिट येण्याचा आजार आहे किंवा लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांची अर्धशिशी उठते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे उपकरण डोळ्यांवर बांधू नये. आधीच ज्यांची झोप अपुरी होते, त्यांनीही यापासून दूर राहावे. अर्धवट जाग आलेली असताना हातपाय हलत नाहीत असा अनुभव कधी कधी येऊ शकतो. तो भीतिदायक असला तरी थोड्याच वेळात ओसरतो, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवावे.

चार हजारांच्या आतल्या किमतीत सेन्सर नसलेला गॉगल मिळणे मला रास्त वाटते. पण पैसे भरण्यापूर्वी उशाशी वही ठेवावी आणि उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, आठवेल ते स्वप्न लिहून काढावे. महिनाभर असे करूनही वहीची पाने कोरीच राहत असतील तर खरेदी लांबणीवर टाकावी, कारण जे स्वप्न सकाळी आठवणारच नाही त्यात दिवा लागला काय आणि न लागला काय.