थ्री-पार्ट सेल काउंटर: वॉर्डात ताप पसरला तर किती भरवशाचं मशीन?

वैजापूर-गंगापूरकडच्या लहान दवाखान्यांत सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी) बहुधा थ्री-पार्टच असतं, म्हणजे पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारं मशीन. वॉर्डात तीन-चार पेशंट एकदम तापले, स्वॅब पीसीआरसाठी संभाजीनगरला गेले, तर रिपोर्ट येईपर्यंत कुणाला वेगळं ठेवायचं एवढं ठरवायला हे मशीन पुरतं. विषाणू कोणता, ते यातून कळत नाही.

बघायचा तो लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ॲब्सोल्यूट, म्हणजे प्रत्यक्ष संख्येचा आकडा. टक्केवारी फसवते. पांढऱ्या पेशी ३,२०० आणि लिम्फोसाइट २५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ८००च. टक्के वाचणारा मात्र ‘नॉर्मल’ म्हणून पान उलटतो. कोविड आणि इन्फ्लुएन्झात हा आकडा हजाराखाली येऊ शकतो. तुलना भरतीच्या दिवशीच्या सीबीसीशी करा. तेव्हा १,८०० होते आणि आज ९०० असतील, तर त्या पेशंटची खाट आधी हलवा. स्टेरॉइड चालू असेल तर लिम्फोसाइट औषधानेही घटतात, म्हणून केसपेपर हातात हवाच. सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा घटक) कमी असला की व्हायरल, हा हिशोब कोविडमध्ये चालत नाही. तिथे तोही चढतो.

मोठी उणीव ‘मिड’ या खान्यात आहे. मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल हे पांढऱ्या पेशींचे तिन्ही प्रकार त्यात कोंबलेले. इओसिनोफिल शून्यावर आले हा तीव्र संसर्गाचा चांगला इशारा (टायफॉइडमध्येही येतात, तेव्हा जपून), पण तो इथे दिसतच नाही. त्यासाठी काचेवर रक्त पसरून केलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

प्लेटलेटच्या आकड्यावर तर डोळे झाकून विश्वास नकोच. ईडीटीएत (रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेलं रसायन) काहींच्या प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन ४०,००० छापतं. स्लाइडच्या शेपटीकडे गुठळ्या दिसल्या तर सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या आणि येणाऱ्या आकड्याला १.१ने गुणा. उलटंही होतं: लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी इतक्या बारीक असतात की मशीन त्यांनाच प्लेटलेट समजतं. डेंग्यूच्या दिवसांत ही चूक जास्त घातक, कारण घसरण झाकली जाते. डेंग्यूत हिमॅटोक्रिटही (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) रोज बघा. आधीच्या आकड्यापेक्षा २० टक्के चढला म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला द्रव) रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतोय.

आपल्याकडच्या मे महिन्यात डायल्युएंटचा (मशीनमध्ये रक्त पातळ करणाऱ्या द्रवाचा) कॅन खिडकीपाशी ठेवू नका. सकाळी बॅकग्राउंड काउंट (रक्त न घालता केलेली मोजणी) काढा. त्यात प्लेटलेट जास्त आल्या तर आधी बुडबुडे आणि अर्थिंग तपासा. जनरेटरवर चालवायचं तर ऑनलाइन यूपीएस लागतोच.

परवडत असेल तर पांढऱ्या पेशींचे पाचही प्रकार वेगळे मोजणारं फाइव्ह-पार्ट घ्या. नाहीतर लीशमन स्टेन (स्लाइडवरच्या पेशी रंगवायचा रंग) आणि स्लाइड वाचणारा टेक्निशियन, हा खर्च मशीनच्या किमतीतच धरा.